हाकेला ओ

"खिंड्याचे दात कसे पडले, एवढंच विचारायचं. आहे हिंमत?"

चष्मीने ही पैज लावली ती टँकरच्या रांगेत, रिकाम्या बादल्या पायाने पुढे ढकलत ढकलत. लांबोडीने लगेच तिची री ओढली. "तो शाळेत भाषणाला येईल तेव्हा, सगळ्या शाळेसमोर हं. माईक हातात घेऊन. कोपऱ्यात गाठून कानात विचारलंस तर धरणार नाही."

"विचारीन की," टिटवी म्हणाली. "त्यात काय? माणूसच आहे, वाघ आहे का?"

"वाघ असता तर परवडला असता. लेखक आहे."

तिघी फिदीफिदी हसल्या. त्यात टिटवी सगळ्यात जोरात हसली. लागणाऱ्या गोष्टीवर आपणच आधी हसायचं आणि दुसऱ्यांपेक्षा मोठ्याने हसायचं, ही युक्ती तिला यंदाच सापडली होती. मागच्या वर्षापर्यंत अशा वेळी ती दप्तरात तोंड खुपसून रडायची. यंदा तिला उंची आली होती, आवाज आला होता आणि गणितात पहिला नंबर आला होता. आता ती कुणाच्या बापाला भीत नव्हती. तोंडाचा पट्टा अखंड चालू म्हणून घरी तिला टिटवी म्हणत. शाळेत तिला वेगळं नाव होतं. खिंड्याची पोरगी.

खिंड्या म्हणजे एका गाजलेल्या कादंबरीतला थोरला भाऊ. विहिरी खोदणाऱ्याच्या घरातला. आईबाप मेल्यावर तो धाकट्या भावाला दोराला बांधून विहिरीत सोडायचा, कारण धाकटा अंगाने बारीक, अरुंद जागी मावायचा. एका दुपारी त्याला अर्ध्यात लोंबकळत ठेवून खिंड्या चालता होतो. पोरगं हाका मारमारून घसा फोडतं. वरून ओ येत नाही. ते प्रकरण टिटवीच्या वर्गाला धडा म्हणून होतं. आणि धड्यात खिंड्याचं वर्णन होतं: त्याला पुढचे दोन दात नव्हते, तो हसला की तोंड पडक्या विहिरीसारखं दिसे.

गावात विहिरी खोदणारा एकच, पुढचे दोन दात नसलेलाही एकच, आणि तो म्हणजे टिटवीचा बाप. लिहिणारा त्याचा सख्खा धाकटा भाऊ, लहानपणीच शहरात निघून गेलेला. दोन आणि दोन चार करायला गावाला मास्तर लागला नाही.

बाईंनी सांगितलं म्हणून टिटवीने तो धडा घरी मोठ्याने वाचला होता. बाप उंबऱ्यात बसून दोराला तेल चोळत ऐकत होता. धडा संपल्यावर म्हणाला, "बरं लिहितो. लहानपणापासून हुशारच." आणि परत दोर चोळायला लागला.

खरं तर त्या वर्षी त्याच्या हातांना उसंत मिळायला नको होती. उन्हाने गावाचं पार भरीत केलं होतं. विहिरींच्या तळाचे दगड वाळून पांढरे पडले होते, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, खोल घ्यायला पाहिजे, खोल घ्यायला पाहिजे. तरी टिटवीचा बाप बाहेरगावच्या टोळ्यांच्या कामावर गाळाची घमेली वाहत होता. दोर धरणारा कठड्यावर उभा राहतो आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात. गाळ वाहणाऱ्याकडे कुणी बघत नाही. बघितलंच तर अंगावर चिखल उडेल म्हणून सरकतात.

विहिरीच्या कामात एक नियम असतो. खालचा हाक मारतो, वरचा ओ देतो. काही काम असो की नसो, खालून हाक येत राहते, आणि प्रत्येक हाकेला ओ द्यायचीच. शिंक आली तरी आधी ओ, मग शिंक. ओ आली म्हणजे दोर हातात आहे. ओ आली नाही म्हणजे वर कुणी नाही, आणि खालच्याने भिंतीच्या दगडांना नखं रोवावीत. एकदा ज्याची ओ चुकली, त्याच्या दोराखाली पुन्हा कुणी उतरत नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आग भाजते हे तरी कोण शिकवतं?

कादंबरी आली तेव्हा टिटवी पाटीवर रेघोट्या मारत होती. पहिल्यांदा लोक नुसते हसले. मग धडा आला. पोरांनी तो घरोघरी वाचला, बायकांनी चुलीपाशी ऐकला, आणि खाली उतरणारे गडी एकेक करून बाजूला झाले. कुणाची कंबर धरली, कुणाला दम लागायला लागला. भांडण कुणीच केलं नाही. भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं टिटवीची आई म्हणायची. "भांडणाला तोंड असतं गं. याला कुठून धरायचं?"

लेखक गावात येणार म्हणून शाळा रंगत होती, त्याच आठवड्यात पुढाऱ्याने बापाला बोलावून घेतलं. पुढारी ओट्यावर बसला होता. बाप खाली उभा राहिला. टिटवी त्याच्यामागे, घमेलं डोक्यावर पालथं घालून, कारण ऊन असं होतं की केसांना वास यावा.

"गावविहिरीवरची बाहेरची टोळी पळाली," पुढारी म्हणाला. "गावविहिरीचं काम रविवारी सुरू झालं नाही तर माणसं एकमेकांचे गळे धरतील. तेव्हा दोर तू धर."

बापाने मान वर केली. एवढ्या दिवसांत टिटवीने त्याचे डोळे असे उघडलेले पाहिले नव्हते.

"पण खाली उतरायला माणूस तुझा तू आण. मी कुणाला सांगणार नाही, उद्या बरंवाईट झालं तर माझ्या नावाने शिमगा नको. शनिवारपर्यंत माणूस मिळाला नाही, तर तुझा रहाट आणि दोर गावाला देऊन टाक. दुसरा कुणी तरी धरेल. तुझ्याकडे नुसता तेल पीत पडलाय."

मग बाप माणूस शोधायला निघाला. कामावरून सुटला की हातपाय न धुताच एकेक दार. टिटवी बरोबर होतीच. नको म्हटलं तरी ती येतेच. सुताराच्या पोराने रंधा न थांबवता नकारार्थी मान हलवली. लोहाराच्या भाच्याने विचारलं, "विमा आहे का?" आणि आतल्या सगळ्यांना हसू फुटलं. एका घरी दार उघडलंच नाही. आतून बाईचा आवाज आला, "सांग घरात नाहीत म्हणून." आणि लहान पोराने दाराच्या फटीतून इमानदारीत सांगितलं, "आई म्हणते, बाबा घरात नाहीत."

शेवटी बुटक्याचं घर. बुटका म्हणजे बापाचा जुना जोडीदार. अर्धं आयुष्य त्याच्या दोरावर खाली गेलेला. त्याने खाट सरकवून बसायला जागा केली, टिटवीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ गुडघे चोळत बसला.

"तुझ्या हाताबद्दल मी बोलणार नाही," तो म्हणाला. "हात सोन्याचा आहे तुझा. पण पोरगा धडा वाचून रडला रे माझा. म्हणाला, त्याच्या दोरावर जाऊ नका. आता काय सांगू त्याला?"

"तू इतकी वर्षं गेलास. कधी माझी ओ चुकली?"

"माझ्या वेळी नाही." बुटक्याने नजर खाली घातली. "तुझ्या भावाच्या वेळी चुकली होती का, ते तू सांग. एकदा सांग, नाही म्हण. मी आत्ता येतो."

टिटवी बापाकडे बघत राहिली. म्हणा ना. दोन अक्षरं. नाही. एवढ्याने सगळं सुटणार होतं.

बाप उठला. "बरोबर आहे तुझं," म्हणाला आणि बाहेर पडला.

"बरोबर काय आहे त्यात?" वाटेभर टिटवी त्याच्याभोवती नाचत होती. "बाबा, बोला की! तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय? दात कसे पडले तुमचे?"

"पडायचे होते, पडले."

"आईला म्हणालात, बैलाने शिंग मारलं. मला म्हणालात, जिन्यावरून पडलो. आपल्याकडे ना बैल, ना जिना!"

बापाने हसू दाबायला तोंडावर तळवा ठेवला. हसताना तो नेहमी तळवा ठेवायचा. टिटवीला वाटे, सगळ्याच बापांची ती सवय असते. ती त्या कादंबरीनंतरची आहे हे तिला त्या दिवशी, त्या रस्त्यावर, पहिल्यांदा कळलं, आणि तिची बडबड घरापर्यंत बंद झाली.

शाळेच्या पटांगणात मंडप पडला. खांबांचे खड्डे खणायला बापालाच बोलावलं होतं, कारण एवढ्या कठीण जमिनीत सरळ खड्डा दुसऱ्या कुणाला जमत नव्हता. खणायला बोलावलं, बसायला नाही. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तो कडेच्या खांबाशी, ढिला पडलेला दोर हाताने ताणून उभा होता.

लेखक मंचावर आला. पांढरे केस, स्वच्छ नखं, जाड भिंगाचा चष्मा. खालचा ओठ मात्र हुबेहूब बापाचा. टिटवीने त्याची सगळी पुस्तकं ग्रंथालयातून आणून वाचली होती. वैऱ्याचा अभ्यास असावा म्हणून. आणि आता ती एक गोष्ट बघत होती. मुख्याध्यापकांनी "साहेब" म्हणायचा अवकाश, तो "ओ" म्हणायचा. मागून कुणी सहज हाक मारली, तरी पाणी पिता पिता "ओ". शब्द पुरा व्हायच्या आत. कुणाची हाक जमिनीवर पडू द्यायची नाही, असा जणू पण केलेला माणूस.

"कुणाला काही विचारायचंय?"

चष्मीने कोपर मारलं. लांबोडीने ढकललं. पण टिटवी तोवर उभी राहिलीच होती.

"तुमच्या पुस्तकातल्या खिंड्याचे दात कसे पडले?"

पटांगणात आधी खसखस पिकली, मग हसण्याचा एकच गडगडाट झाला. मागची पोरं खांबाकडे वळून बघायला लागली. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. लेखकाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या डोक्यावरून, कडेच्या खांबाकडे बघत होता.

"पात्राला काही खूण द्यावी लागते, बाळ," तो म्हणाला. "म्हणजे वाचकाच्या लक्षात राहतं."

टाळ्या पडल्या.

"राहिलंय ना लक्षात," टिटवी म्हणाली, पण तोवर माईक काढून घेतला होता. खांबाशी बाप एका हाताने मंडपाचा दोर धरून होता. दुसरा तळवा त्याच्या तोंडावर होता, आणि तो हसत नव्हता.

"जिंकलीस गं!" चष्मी कानात म्हणाली. जिंकल्यावर तोंड इतकं कडू होतं हे टिटवीला माहीत नव्हतं.

शनिवारी दिवेलागणीला लेखक घरी आला. एकटाच. दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला, आत यायचं की नाही हे चौकटीनेच सांगावं तसा.

"या भाऊजी," आई म्हणाली. "वाट चुकलात?"

"चुकलो वहिनी. बरीच वर्षं चुकतोय."

"तुमचं बरं असतं. तुमचं चुकलं की त्याचं पुस्तक होतं. आमचं चुकलं की नुसतं चुकतं."

तो खाली बसला. आईने माठ वाकडा करून पेला काठोकाठ भरला. घरात पाहुण्याला भरलेला पेला द्यायचे दिवस नव्हते, पण तिने दिला, आणि तो देताना तिचा हात हललाही नाही. तो अर्धा प्यायला आणि पेला बाजूला ठेवला. बापाने तो उचलला आणि उरलेलं पाणी सावकाश पिऊन टाकलं.

"दादा, मी उष्टं केलं होतं."

"उष्टं मातीत ओतायला नको धाकट्या. यंदा तरी नको."

कोपऱ्यात रहाटाचं चाक आणि गुंडाळून बांधलेला दोर होता, उद्या सकाळी गावाला देऊन टाकायचा. लेखकाची नजर दोराकडे गेली की परत येत होती, विस्तवावरून हात काढावा तशी.

"काका," टिटवी म्हणाली.

"ओ."

"इथे माईक नाही. आता सांगा. कसे पडले?"

"टिटवे, पुरे," बाप म्हणाला.

"विचारू दे दादा." लेखकाने चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा अगदी लहान पोरासारखा दिसायला लागला. "तिवईचा पाय मोडला. रहाट ज्यावर उभा असतो ती. मी अर्ध्यात होतो. दोर सुटून पळायला लागला, तो एकदम थांबला. का थांबला हे मला खाली कळलं नाही. मी नुसता लोंबकळत होतो. हाका मारत होतो. ऊन भिंतीवरून सरकत गेलं, तरी वर कुणी नाही. मग वाटेने जाणारा कुणी परगावचा गुराखी आला, त्याने मला ओढून काढलं."

"आणि बाबा?"

"दादा तिथेच होता. त्याचा एक हात दोराखाली सापडून कठड्याच्या दगडावर चिरडलेला. दुसऱ्या हाताचं कातडं गेलेलं. दोराचं टोक त्याच्या तोंडात. गुराखी म्हणाला, पोरगं वर आलं, सोड आता. त्याला सोडता येईना. जबडा आवळला होता. दोर ओढून काढला तेव्हा दात दोराबरोबर आले."

आई चुलीपाशी उभी होती ती पुढे आली. "बैल म्हणालात मला," ती नवऱ्याला म्हणाली. "संसार झाला आपला आख्खा, आणि मला बैल सांगितलात." मग ती दिराकडे वळली. "आणि हे सगळं डोळ्यांनी बघून तुम्ही लिहिलंत, तो निघून गेला?"

"वर आल्यावर जे बघितलं ते क्षणभर बघितलं, वहिनी. खाली जे ऐकलं ते अजून ऐकतोय. मी दादा दादा करत होतो. वर ताटलीएवढं आभाळ, आणि ताटली रिकामी. लिहायला बसलो की पहिलं तेच येतं. खोटं नाही लिहिलं. खालून ते तसंच होतं."

"मग दुसऱ्या पुस्तकातला मालक?" टिटवीचा आवाज चढला. "ती म्हातारी दारात मरेपर्यंत ओरडते आणि तो खिडकीत बसून राहतो, तो? आणि तो साहेब, कागदातून डोकं वर न काढणारा? आणि शेवटच्या पुस्तकातला देव?"

लेखकाने तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "सगळं वाचलंस तू."

"सगळे बाबाच आहेत का?"

"सगळे वरचेच आहेत. मी कितीही माणसं उभी केली तरी एक जण खाली लोंबकळत असतो, आणि एक जण वर तोंड मिटून बसलेला असतो. तिसरं माणूस मला येतच नाही."

"पण दात कशाला घेतलेत त्यांचे? नाक घ्यायचं, कान घ्यायचे!"

"चेहरा लागतो. डोळे मिटले की तोच यायचा, रक्ताने माखलेला." त्याने ओठ पुसला. "मी रक्त पुसून टाकलं. फट तेवढी ठेवली."

मग बाप बोलला, दोराकडे बघत.

"तो बरोबर लिहितो. मी ओ दिली नाही."

"तोंडात दोर होता तुमच्या!" टिटवी किंचाळली.

"खालच्याला ते काय माहीत? ओ नाही म्हणजे दोर नाही. नियम तो नियम." त्याने तळवा तोंडावर नेला आणि परत खाली घेतला. "नाकातून हूं करता आलं असतं. पुष्कळदा वाटतं मला. नुसतं हूं केलं असतं तरी त्याला कळलं असतं. तेव्हा सुचलं नाही."

लेखकाने मान खाली घातली, आणि त्याचे खांदे हलायला लागले. टिटवीला त्याची कीव येत होती आणि त्याला धरून गदागदा हलवावंसंही वाटत होतं, एकाच वेळी.

"काका, उद्या थांबा. गावविहिरीवर चला, बुटक्याला हे सांगा, सगळ्यांना सांगा. तुमचं लोक ऐकतील."

"उद्या शहरात माझा..." त्याने वाक्य सोडून दिलं. "आणि मी सांगितलं तर म्हणतील, भावाला झाकतोय. छापलेलं खरं वाटतं लोकांना, बोललेलं नाही. पुढच्या पुस्तकात लिहीन मी, सगळं लिहीन. शब्द देतो."

"लिहा भाऊजी," आई म्हणाली. "तोवर आम्ही शाई पितो."

तो उठला. भावाच्या पायांशी वाकायला गेला, तर बापाने त्याला मध्येच धरलं, बगलेत हात घालून, लहान पोराला पाण्यातून काढावं तसं, आणि सोडलं. तो अंगणातून रस्त्याला लागला. अंधारत आलं होतं. टिटवी फाटकापर्यंत गेली, आणि तो पार वळणाशी पोचल्यावर मोठ्याने ओरडली, "काका!"

"ओ!" लगेच आली. तो थांबला, वळला.

"काही नाही. जा."

ती घरात आली. बाप दोराची गाठ आवळत होता, सकाळी न्यायला सोपं पडावं म्हणून. टिटवीने त्याच्या हातातून तो ओढून घेतला. वाटला त्यापेक्षा दोर जड निघाला. ती तोल जाता जाता सावरली आणि गाठ दातांनी सोडवायला लागली.

"अगं, काय करतेस?" आई म्हणाली.

"गावविहिरीत उद्या मी उतरणार."

"तोंड आवर. पोरीच्या जातीने..."

"पोरीच्या जातीने काय? रांगेत तासन्‌तास उभं राहायचं तेवढं? मी बारीक आहे, मावते. उद्या रविवार आहे, शाळा नाही. चष्मी आणि लांबोडीला मी कठड्यापाशी उभं करणार, कान उघडे ठेवायला सांगून. बुटक्यालाही बोलावणार, पोराला घेऊन ये म्हणून. पुढाऱ्याला सांगा, माणूस मिळाला."

"नाही," बाप म्हणाला. "तू नाही. दुसरं कुणीही."

"दुसरं कुणी नाही, बाबा. सगळी दारं आपण दोघांनीच वाजवलीत." गाठ सुटली. टिटवीने दोराचं एक टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळलं आणि दुसरं बापाच्या मांडीवर ठेवलं. "मी विचारत नाहीये, सांगतेय. दोर हातात धरा, खांद्यावर घ्या, कमरेला बांधा, खांबाला दोन वेढे द्या. काय करायचं ते करा. तोंड तेवढं मोकळं ठेवा. मी खाली गप्प बसणारी नाही. सारखी हाक मारणार आहे."